ज्यूद्वेषाची व्याख्या कायद्यात घातली म्हणजे नेमकं काय झालं? जॉर्जियाची गोष्ट

२०२३ च्या फेब्रुवारीत अटलांटाच्या उत्तरेला सँडी स्प्रिंग्ज आणि डनवुडी या दोन उपनगरांत लोकांनी सकाळी दार उघडलं तर ड्राइव्हवेमध्ये प्लास्टिकच्या पिशव्या पडलेल्या, आणि आत ज्यू लोकांबद्दल घाणेरडा मजकूर छापलेली पत्रकं. ज्यांच्या दारात अशी पिशवी पडली त्यात एस्थर पॅनिच पण होत्या, जॉर्जिया राज्याच्या विधिमंडळातल्या एकमेव ज्यू आमदार. आता प्रश्न असा की असं पत्रक टाकणं हा गुन्हा आहे का? अमेरिकेत उत्तर आहे, नाही. फार तर कचरा टाकल्याचा दंड. पत्रकात कितीही विष भरलेलं असो, नुसतं छापलं आणि वाटलं म्हणून तिथे पोलीस कुणाला उचलू शकत नाहीत, आपल्याकडे भावना दुखावल्या म्हणून एफआयआर होते तसला प्रकारच तिथे नाही.

त्यानंतर वर्षभराने, ३१ जानेवारी २०२४ ला, गव्हर्नर ब्रायन केम्प यांनी एचबी ३० या बिलावर सही केली आणि ज्यूद्वेषाची, म्हणजे अँटिसेमिटिझमची, व्याख्या जॉर्जियाच्या कायद्यात आली. खालच्या सभागृहात १२९ विरुद्ध ५, सिनेटमध्ये ४४ विरुद्ध ६. पॅनिच डेमोक्रॅट, त्यांच्यासोबत बिल लावून धरणारे जॉन कार्सन रिपब्लिकन, आणि आजकाल हे दोन पक्ष इतक्या एकमताने क्वचितच हात वर करतात.

मी याच भागात राहतो, आणि तेव्हापासून आपल्या मराठी ग्रुपवर याबद्दल दोन गोष्टी फिरताना बघतोय. एक म्हणजे आता जॉर्जियात इस्रायलविरुद्ध बोललं की जेल. दुसरी म्हणजे आता ज्यूद्वेष हा गुन्हा झालाय. दोन्ही चूक आहेत. बिल जेमतेम दोन-तीन पानांचं आहे, वकील नसलेल्या माणसालाही वाचता येतं, पण ते कळायला आधी दोन-तीन गोष्टी माहीत असाव्या लागतात आणि त्या कुणी सांगत नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

पहिली गोष्ट, हेट क्राइम हा वेगळा गुन्हा नसतो. मारहाण हा गुन्हा, काच फोडणं हा गुन्हा, आग लावणं हा गुन्हा. हेट क्राइमचा कायदा म्हणतो की हाच गुन्हा जर समोरच्याचा धर्म, वंश, रंग, लिंग वगैरे बघून त्याला निवडून केलेला असेल तर शिक्षा वाढवा. जॉर्जियात मोठ्या गुन्ह्यांना कमीत कमी २ वर्षं जास्त, छोट्या ठराविक गुन्ह्यांना ६ ते १२ महिने जास्त, शिवाय ५,००० डॉलरपर्यंत दंड. म्हणजे आधी मूळ गुन्हा सिद्ध व्हायला हवा. तो नसेल तर वाढवायला शिक्षाच नाही. त्यामुळे पत्रकवाल्याचं काय, तर काहीच नाही.

आणि हा कायदा जॉर्जियाला सहज मिळालेला नाही हे पण सांगायला हवं. २००० साली या राज्याने एक हेट क्राइम कायदा केला होता, पण कुणाला संरक्षण द्यायचं यावर आमदारांचं जमेना म्हणून त्यांनी यादीच गाळली आणि नुसतं लिहिलं की आकस किंवा पूर्वग्रह मनात धरून गुन्हा केला तर शिक्षा जास्त. कसला आकस, कुणाबद्दलचा पूर्वग्रह, काही नाही. २००४ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो कायदा रद्द केला. कारण दिलं की हा इतका मोघम आहे की दुसऱ्या टीमची टोपी घातलीय म्हणून एखाद्या क्रीडावेड्याने कुणाला धमकावलं तर तोही यात बसेल. मग १६ वर्षं जॉर्जियात हेट क्राइम कायदाच नव्हता. २०२० च्या फेब्रुवारीत ब्रन्सविकजवळ अहमाद आर्बेरी या जॉगिंग करणाऱ्या काळ्या तरुणाला गाडीने पाठलाग करून गोळ्या घातल्या गेल्या, त्याचा व्हिडिओ बाहेर आला, देश हादरला, आणि त्या वर्षी जूनमध्ये नवा कायदा झाला, या वेळी नीट यादी करून. यादीत धर्म आहे, वंश आहे, राष्ट्रीय मूळ पण आहे.

तर व्याख्या नसली की कायदा कोसळतो हे जॉर्जियाने स्वतःच्या अंगावर अनुभवलेलं आहे. एचबी ३० कडे बघताना मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण "व्याख्या कशाला हवी, द्वेष काय आपल्याला कळत नाही का" असं लोक पटकन म्हणतात. कळतो, पण तो आपल्याला कळतो, कोर्टात बारा माणसांना एकमताने कळायला लागतो, आणि तिथे मोठी अडचण असते ती हेतूची. २०२१ च्या मार्चमध्ये अटलांटा आणि आसपासच्या स्पामध्ये एकाच माणसाने एकाच दिवशी आठ जणांना मारलं, त्यातल्या सहा आशियाई बायका. चार खून एका काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, झाले, तिथल्या सरकारी वकिलांनी सांगितलं की वंशद्वेषाचा पुरावा आम्हाला दिसला नाही. उरलेले चार शेजारच्या काउंटीत, तिथल्या सरकारी वकिलांनी हेट क्राइमचं कलम लावायचं ठरवलं. माणूस तोच, दिवस तोच, बंदूक तीच. मनातलं कसं वाचायचं यावर दोन सरकारी ऑफिसांचं एकमत नाही.

एचबी ३० नेमकं इथे येतं. ते म्हणतं की राज्याच्या खात्यांनी भेदभावाविरुद्धचे कायदे आणि हेट क्राइमचं कलम राबवताना, एखाद्या कृत्यामागे ज्यूद्वेष होता का हे ठरवायचं असेल तर ही व्याख्या विचारात घ्यावी. विचारात घ्यावी, एवढंच. नवीन गुन्हा नाही, नवीन शिक्षा नाही, नवीन खातं पण नाही. सोनाराकडे कसोटीचा दगड असतो ना, तसं समजा, दगड हातात दिलाय, दागिना कुठला घासायचा ते आधीचेच कायदे ठरवणार.

आणि हा दगड घासायला जॉर्जियात दागिने तरी किती आहेत? खासगी नोकरीतला भेदभाव रोखणारा राज्याचा स्वतःचा सर्वसमावेशक कायदा इथे नाहीच, ते सगळं केंद्राच्या कायद्यावर चालतं. राज्याचा आहे तो सरकारी नोकरीपुरता, घरं भाड्याने देण्या-घेण्याबद्दल एक आहे, हेट क्राइमचा आहे, आणि सरकारी शाळा-कॉलेजं. बस. म्हणजे एखाद्या खासगी कंपनीत ज्यू माणसाला त्याच्या धर्मावरून त्रास दिला तर एचबी ३० चा त्याला थेट उपयोग फारसा नाही. ज्यांनी हे बिल म्हणजे फार मोठं काहीतरी झालं असं मांडलं, बाजूने किंवा विरोधात, त्यांनी ही गोष्ट सांगायला हवी होती असं मला वाटतं.

आता व्याख्या. ती जॉर्जियाने स्वतः लिहिलेली नाही. इंटरनॅशनल होलोकॉस्ट रिमेंबरन्स अलायन्स नावाची अनेक देशांची एक संघटना आहे, तिला सगळे आयएचआरए म्हणतात, तिने २६ मे २०१६ ला बुखारेस्टच्या बैठकीत स्वीकारलेली ही व्याख्या आहे. कायद्यात ती पूर्ण उतरवून पण घेतलेली नाही, नुसतं लिहिलंय की त्या संघटनेची त्या तारखेची व्याख्या आणि तिच्यासोबतची उदाहरणं. पहिलं वाक्य मराठीत असं होईल: ज्यूद्वेष म्हणजे ज्यू लोकांविषयीची एक विशिष्ट धारणा, जी ज्यूंबद्दलच्या द्वेषातून व्यक्त होऊ शकते. पुढे म्हटलंय की बोलण्यातून किंवा हाणामारीतून होणारा ज्यूद्वेष हा ज्यू किंवा ज्यू नसलेल्या व्यक्तींवर, त्यांच्या मालमत्तेवर, ज्यू समाजाच्या संस्थांवर आणि प्रार्थनास्थळांवर रोखलेला असतो.

वाचून काही कळलं का? मला पहिल्यांदा नाही कळलं. "एक विशिष्ट धारणा", कुठली विशिष्ट? "व्यक्त होऊ शकते", आणि नाही झाली तर? मूळ मसुदा २००४-०५ च्या सुमारास युरोपात वंशवादाच्या घटनांची नोंद ठेवणाऱ्या एका संस्थेसाठी तयार झाला होता, वेगवेगळ्या देशांतल्या लोकांनी आकडे गोळा करताना एकाच मापाने मोजावं म्हणून. मोजणी करणाऱ्याला थोडं ढिलं माप चालतं. कोर्टाला नाही चालत. आयएचआरए स्वतःच तिला कायद्याने बंधनकारक नसलेली कामचलाऊ व्याख्या म्हणते. आणि तो मसुदा लिहिण्यात ज्यांचा सगळ्यात मोठा हात होता ते केनेथ स्टर्न, स्वतः ज्यू, गेली कित्येक वर्षं जाहीरपणे सांगतायत की कॉलेजमध्ये कोण काय बोलतं यावर नजर ठेवायला आम्ही हे लिहिलं नव्हतं, असं करू नका. लेखकच असं म्हणतोय तर त्याचं ऐकावं असं मला तरी वाटतं.

व्याख्येचा खरा जीव तिच्या खालच्या ११ उदाहरणांत आहे. त्यातली काही वाचून कुणाचंच दुमत होणार नाही, ज्यूंना मारण्याचं समर्थन करणं, ज्यू लोक जगातला सगळा पैसा, मीडिया आणि सरकारं पडद्यामागून चालवतात असं सांगणं, होलोकॉस्ट, म्हणजे नाझींनी केलेला ज्यूंचा संहार, झालाच नाही म्हणणं. हे सगळं जुनं आहे आणि जॉर्जियात तर फार जवळचं आहे. अटलांटातल्या पेन्सिल फॅक्टरीचा ज्यू मॅनेजर लिओ फ्रँक याला १९१५ च्या ऑगस्टमध्ये जमावाने तुरुंगातून उचलून मॅरिएटात झाडाला फाशी दिलं, त्याच्यावरच्या खटल्यात आणि त्याच्याभोवतीच्या वर्तमानपत्रांत ज्यूंविषयीचं हेच विष होतं. १२ ऑक्टोबर १९५८ ला अटलांटाच्या पीचट्री स्ट्रीटवरच्या "द टेंपल" या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, बाँबस्फोट केला गेला, तिथले रॅबाय, म्हणजे धर्मगुरू, जेकब रॉथशिल्ड काळ्या लोकांच्या हक्कांसाठी बोलायचे म्हणून, आणि त्या प्रकरणात शेवटपर्यंत कुणाला शिक्षा झाली नाही. २०२३ च्या जूनमध्ये मेकन गावात निओ-नाझींनी सिनेगॉगसमोर पुतळा टांगून तमाशा केला, मॅरिएटाजवळच्या दुसऱ्या सिनेगॉगबाहेर नाझी स्वस्तिकाचे झेंडे फडकवले. देशभरात बघितलं तर ज्यू एकूण लोकसंख्येच्या २ टक्क्यांच्या आसपास, पण धर्मावरून झालेल्या हेट क्राइमच्या एफबीआयकडच्या नोंदींत बहुतेक वर्षी निम्म्याहून जास्त त्यांच्याविरुद्धच्या. २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये शनिवारच्या प्रार्थनेला जमलेली ११ माणसं मारली गेली. हे सगळं खरं आहे, आणि ज्यू शेजारी घाबरलेत म्हणजे उगाच घाबरलेत असं ज्याला वाटतं त्याने एकदा इथल्या सिनेगॉगच्या दारातली सिक्युरिटी बघून यावी.

वाद आहे तो ११ पैकी इस्रायलशी संबंधित उदाहरणांचा, आणि ती सात आहेत. ती सगळी एकाच तराजूत घालू नयेत, माझ्या मते लोकांची मुख्य चूक तिथेच होते.

त्यातलं एक म्हणतं की इस्रायल सरकारच्या कृत्यांसाठी सगळ्या ज्यूंना जबाबदार धरणं म्हणजे ज्यूद्वेष. मला हे सगळ्यात पटणारं वाटतं आणि व्याख्येचा प्रत्यक्ष उपयोग पण इथेच सगळ्यात जास्त आहे. समजा गाझातल्या युद्धाच्या रागातून कुणी अटलांटातल्या सिनेगॉगच्या खिडकीवर दगड मारला आणि कोर्टात म्हणाला की माझं ज्यूंशी काही वैर नाही, मी इस्रायलचा निषेध केला. पूर्वी वकिलाला यावर बराच वेळ काथ्याकूट करता आला असता. आता सरकारी पक्ष म्हणू शकतो की सिनेगॉगमध्ये इस्रायलचं सरकार बसत नाही, तिथे तुझे शेजारी बसतात, तू त्यांना निवडलंस, आणि हा बघ व्याख्येतला मुद्दा. भिंतीवर स्वस्तिक रंगवणाऱ्यासाठी कुठलीच व्याख्या लागत नाही, त्याचा हेतू भिंतीवरच लिहिलेला असतो. व्याख्या लागते ती अशा मधल्या केसना.

पण दुसरं उदाहरण म्हणतं की इस्रायल हे राष्ट्र असणं हाच मुळात वंशवादी उद्योग आहे असं म्हणणं, तिसरं म्हणतं इस्रायलच्या आजच्या धोरणाची नाझींशी तुलना करणं, आणखी एक म्हणतं इतर कुठल्याही लोकशाही देशाकडून जे वागणं अपेक्षित नसतं ते इस्रायलकडून मागणं. इथे माझं मन थांबतं. जॉर्जिया स्टेट विद्यापीठात शिकणारी एखादी पॅलेस्टिनी मुलगी धरा, जिच्या आजोबांना १९४८ मध्ये घर सोडून जावं लागलं आणि परत येता आलं नाही, ती जर म्हणाली की ज्या राष्ट्राच्या जन्मात माझ्या घरच्यांना बाहेर काढलं ते राष्ट्र मला न्यायावर उभं आहे असं वाटत नाही, तर ती चूक असेल, बरोबर असेल, वाद घाला तिच्याशी, पण ती ज्यू लोकांचा द्वेष करते असं त्यावरून म्हणता येत नाही. आणि ऑर्थोडॉक्स ज्यूंमध्येसुद्धा असे गट आहेत जे धार्मिक कारणाने इस्रायल राष्ट्र मानत नाहीत, त्यांना काय म्हणणार?

बिलाच्या बाजूचे लोक यावर दोन उत्तरं देतात आणि दोन्हीत तथ्य आहे. एक, व्याख्येतच लिहिलंय की इतर देशांवर करतो तशी टीका इस्रायलवर केली तर तो ज्यूद्वेष नाही, आणि उदाहरणं संदर्भ बघून लावायची आहेत, आपोआप नाही. दोन, एचबी ३० मध्ये स्पष्ट कलम आहे की यातल्या कशानेही फर्स्ट अमेंडमेंटचा, म्हणजे बोलण्याच्या स्वातंत्र्याचा, संकोच होणार नाही. आणि फर्स्ट अमेंडमेंट किती जाड भिंत आहे हे माहीत नसेल तर स्कोकीची गोष्ट वाचा. १९७७ साली शिकागोजवळच्या स्कोकी गावात, जिथे होलोकॉस्टमधून वाचलेली शेकडो कुटुंबं राहायची, तिथे नाझींना मोर्चा काढायचा होता. गावाने बंदी घातली, आणि कोर्टात बंदी टिकली नाही. आपल्याला ऐकून विचित्र वाटतं, मलाही पहिल्यांदा वाटलं होतं, पण तिथलं गणित असं आहे की सरकारच्या हातात आज नाझींचं तोंड बंद करायची चावी दिली तर उद्या तीच चावी दुसऱ्या कुणाच्या तोंडाला लागेल.

मग बोलण्याला संरक्षण आहे तर बोलणं पुरावा कसं होतं? याचं उत्तर १९९३ च्या विस्कॉन्सिन विरुद्ध मिचेल या केसमध्ये आहे. सुप्रीम कोर्ट म्हणालं की बोललास म्हणून शिक्षा नाही, पण तू मारहाण केलीस आणि का केलीस हे ठरवायला तू आधी काय बोलला होतास ते आम्ही बघू शकतो. एचबी ३० सारखे कायदे सगळे या एका वाटेने जातात, आणि हेट क्राइमच्या बाबतीत ही वाट मला सरळ वाटते, कारण आधी फुटलेली काच किंवा फुटलेलं डोकं समोर असतं.

कॉलेजात तशी काच नसते. तिथे भेदभावाची तक्रार म्हणजे बऱ्याचदा कोण काय बोललं, कुणी कुठला बोर्ड धरला याचीच तक्रार असते, कृत्य आणि बोलणं वेगळं काढता येत नाही, आणि मग तोच कसोटीचा दगड बोलण्यावर घासला जातो. कुणाला जेलमध्ये टाकायची गरजच नसते, कॉलेजच्या ऑफिसातला माणूस घाबरून आधीच सांगतो की हा कार्यक्रम नको, हा वक्ता नको, आणि विद्यार्थी गप्प बसतात. टेक्सासमध्ये २०२४ च्या मार्चमध्ये गव्हर्नरनी आदेश काढून सरकारी विद्यापीठांना त्यांच्या बोलण्याबद्दलच्या नियमांत हीच व्याख्या घालायला लावली, त्यावर विद्यार्थी कोर्टात गेले, आणि त्या ऑक्टोबरमध्ये फेडरल जजनी लगेच स्थगिती दिली नाही खरी पण प्राथमिक मत असं नोंदवलं की हे एका विशिष्ट मताला धरून केलेलं बंधन दिसतंय. म्हणजे तीच व्याख्या, हेट क्राइमच्या कलमात एक गोष्ट आणि कॉलेजच्या नियमात दुसरी गोष्ट. या सगळ्यावर पर्याय पण निघालेत, २०२१ च्या मार्चमध्ये जेरुसलेम डिक्लरेशन म्हणून दुसरी व्याख्या आली, तिच्यावर ज्यू इतिहास आणि होलोकॉस्टचा अभ्यास करणाऱ्या सुमारे २०० लोकांच्या सह्या होत्या, तिने ज्यूंबद्दलचा द्वेष आणि इस्रायलबद्दलची मतं यांच्यातली रेघ जास्त स्पष्ट ओढायचा प्रयत्न केला. कुठल्याही राज्याने ती उचलली असती तर मला जास्त बरं वाटलं असतं.

कॉलेजांचा विषय निघाला म्हणून एक जुना गुंता सांगतो, कारण राज्यांना व्याख्या कायद्यात आणावीशी वाटली त्यात याचा पण हात आहे. १९६४ च्या सिव्हिल राइट्स ॲक्टचा टायटल सिक्स नावाचा भाग केंद्राचा पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांना वंश, रंग आणि राष्ट्रीय मूळ यावरून भेदभाव करायला मनाई करतो. यादीत धर्म नाही. मग ज्यू विद्यार्थ्याला त्रास झाला तर तो कशात बसणार? २००४ मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याने भूमिका घेतली की ज्यू हा नुसता धर्म नाही, समान पूर्वजांचा समाज पण आहे, म्हणून संरक्षण मिळेल, हाच न्याय शीख आणि मुस्लिमांना पण. त्याआधी १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाने मेरीलँडमधल्या एका सिनेगॉगच्या केसमध्ये असंच काहीसं म्हटलं होतं, ज्यांनी सिनेगॉगच्या भिंतींवर ज्यूद्वेषी मजकूर रंगवला त्यांचा बचाव होता की ज्यू हा काही वंश नाही, कोर्ट म्हणालं की वंशभेदाविरुद्धच्या ज्या कायद्याखाली ही केस आहे तो झाला त्या एकोणिसाव्या शतकात ज्यूंना वंशच समजायचे. डिसेंबर २०१९ मध्ये ट्रंप यांनी आदेश काढून टायटल सिक्ससाठी आयएचआरएची व्याख्या विचारात घ्यायला सांगितली, साउथ कॅरोलायनाने त्याआधीच २०१८ मध्ये आणि फ्लोरिडाने २०१९ मध्ये ती शिक्षणसंस्थांसाठी घेतली होती. २०२४ च्या मे महिन्यात हीच व्याख्या टायटल सिक्ससाठी कायद्यात घालणारं केंद्राचं बिल खालच्या सभागृहात ३२० विरुद्ध ९१ ने पास झालं आणि सिनेटमध्ये अडकलं.

ज्यू म्हणजे धर्म की वंश की समाज, हा प्रश्न खरं तर आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. मी ठाण्यात वाढलो, सिव्हिल हॉस्पिटलजवळच्या सिनेगॉगवरून शाळेत जायचो, आणि तिथे येणाऱ्या लोकांची आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी, घरात बोलणं मराठी. कोकणातल्या गावांत बेने इस्रायली, म्हणजे हेच मराठी ज्यू, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. धर्म वेगळा, पण गावाने त्यांना नाव दिलं ते व्यवसायाचं आणि वाराचं, जातीसारखं. मुंबईत सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ मध्ये बांधलेल्या पहिल्या सिनेगॉगला लोक जुनी मशीद म्हणायचे. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. आणि मुंबईत ज्यूंना ज्यू म्हणून शोधून मारलं ते २००८ च्या नोव्हेंबरमध्ये, नरिमन हाउसमध्ये, बाहेरून आलेल्या अतिरेक्यांनी. तिथे रॅबाय गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांची बायको रिव्का यांच्यासकट सहा जण गेले. हल्लेखोरांना ताजच्या गर्दीत कोण कुठल्या धर्माचं याने फरक पडत नसेल, पण कुलाब्याच्या गल्लीतलं ते छोटं घर त्यांनी मुद्दाम शोधलं होतं. हेतू हा शब्द कायद्यात का लागतो हे मला त्या एका घरावरून कळतं.

आता हे सगळं आपल्या दारात कसं आलंय ते सांगतो. एप्रिल २०२३ च्या सुमारास याच जॉर्जियाच्या विधिमंडळात हिंदूफोबियाचा निषेध करणारा ठराव चर्चेत आला, ठराव म्हणजे नुसतं मत, त्याला कायद्याचं बळ नाही. मग २०२५ च्या एप्रिलमध्ये सिनेटमध्ये एसबी ३७५ मांडलं गेलं, आणि त्याचा साचा बघाल तर एचबी ३० चाच, हिंदूफोबियाची व्याख्या द्या आणि खात्यांना ती विचारात घ्यायला लावा. अटलांटाच्या उत्तरेला अल्फारेटा-कमिंगच्या पट्ट्यात आपले लोक भरपूर, त्यामुळे आपल्या ग्रुपवर आनंद झाला. मला पण काळजी आहे, देवळांच्या भिंती रंगवल्या गेल्याच्या बातम्या अमेरिकेत आल्यात, पोरांना शाळेत देवांवरून चिडवतात. पण इस्रायलवाल्या उदाहरणांबद्दल जो प्रश्न मी विचारला तोच इथे विचारायला नको का? देवळात येणाऱ्या माणसाला वाचवणारी ओळ वेगळी आणि हिंदू धर्माबद्दल काहीही कडक बोलू नका असं सुचवणारी ओळ वेगळी. त्या व्याख्येत हिंदूंबरोबर हिंदू धर्माबद्दलच्या "अपमानकारक वृत्ती" पण येतात, मग जातीबद्दल बोलणारा दलित विद्यार्थी उद्या कुठे उभा राहील? हा प्रश्न हवेतला नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत सिॲटल शहराने जातीवरून भेदभावाला कायद्याने बंदी घातली, ते बिल आणणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, आणि तेव्हा याच आपल्या समाजात केवढी भांडणं झाली ती सगळ्यांनी बघितली. फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्रातून आलेल्या माणसाने तरी धर्मावरची टीका आणि माणसावरचा हल्ला यात गल्लत होऊ देऊ नये असं मला मनापासून वाटतं. ज्यू शेजाऱ्याच्या बाबतीत जे माप, तेच आपल्या बाबतीत, तेच पॅलेस्टिनी मुलीच्या बाबतीत.

म्हणून असं कुठलंही बिल समोर आलं, ज्यूंबद्दलचं, हिंदूंबद्दलचं, मुस्लिमांबद्दलचं, की मी त्याचं नाव नंतर वाचतो. आधी क्रियापद शोधतो, खात्यांना व्याख्या "विचारात घ्या" सांगितलंय की "लागू करा" सांगितलंय. मग बघतो की ती कुठल्या कायद्याला चिकटवलीय, गुन्ह्याला की शाळा-कॉलेजातल्या बोलण्याला. आणि उदाहरणांत माणसं किती आणि राष्ट्रं, सरकारं, ग्रंथ किती ते मोजतो. एचबी ३० मध्ये क्रियापद सौम्य आहे, गुन्ह्याच्या बाजूने ते कामाचं आहे, शिक्षणाच्या बाजूने मला त्याची भीती वाटते, आणि मी जर आमदार असतो तर व्याख्येतली ती तीन-चार उदाहरणं गाळून उरलेली सरळ कायद्यात उतरवून घ्या असा आग्रह धरला असता, म्हणजे बुखारेस्टमध्ये काय ठरलं होतं ते शोधायची वेळ जॉर्जियाच्या ज्युरीवर आली नसती.

तर त्या सँडी स्प्रिंग्जच्या पिशव्या. आज कुणी परत टाकल्या तरी, नुसत्या टाकल्या म्हणून, एचबी ३० खाली त्याला काही होणार नाही. पण तोच माणूस उद्या त्याच घराची काच फोडताना सापडला, तर ती पिशवी, आतल्या कागदासकट, सरकारी वकिलाच्या टेबलावर येईल, आणि काच फोडताना ते घर ज्यूंचं म्हणून निवडलं होतं का, म्हणजे शिक्षा वाढायला हवी का, हे ठरवताना ज्युरी ती वाचेल.